मुकादमाची वही

दसरा उलटला की तिसगावातून जाणाऱ्या पाथर्डी-नगर रस्त्यावर रात्रीची वर्दळ वाढते. ट्रक, ट्रॅक्टर, एकामागे एक जोडलेल्या ट्रॉल्या. वर पत्र्याच्या पेट्या, कोपीचे म्हणजे फडावरच्या झोपडीचे बांबू, हंडे, एखादी शेळी आणि गोधडीत गुरफटलेली पोरे. पाथर्डीच्या पूर्वेकडची गावे, शिरूर कासार आणि त्याही पलीकडचा मुलूख पुढच्या पाच महिन्यांसाठी करंजी घाट ओलांडून उसाच्या फडांकडे निघालेला असतो. चहासाठी गाडी थांबली की केबिनमधून सर्वांत आधी जो उतरतो, ज्याच्या एका हातात फोन आणि खिशात घडी पडलेली वही असते, तो मुकादम.

कामाच्या जागी नेतृत्व कसे घडते, या विषयाचा आढावा घ्यायला मी पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींऐवजी इथून सुरुवात करतो आहे. त्याला कारण आहे. या माणसाने व्यक्तिमत्त्व विकासाचे एकही शिबिर केलेले नसते. तरी दिवाळी ते गुढीपाडवा तो दहा-वीस कोयते सांभाळतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला या हिशेबात अर्धा कोयता म्हणतात. कोणत्या जोडीला कोणत्या सरीत लावायचे, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या स्लिपबॉयशी जमवून घेऊन फडाची पाळी कशी मिळवायची, रात्री दोनला गाडी भरायला आली तर गाढ झोपलेल्यांना कोणत्या शब्दांत उठवायचे, दोन भावांची भांडणे मोळ्यांच्या मोजणीवरून सुरू झाली तर कोणाला दुसऱ्या टोकाला पाठवायचे, हे सगळे त्याच्याकडे. व्यवस्थापनाच्या जाडजूड पुस्तकांत कामाची वाटणी, प्रेरणा, संघर्ष निवारण, वाटाघाटी अशी जी प्रकरणे असतात ती सगळी इथे एका फडात, पाचटात उभी राहून घडतात.

आणि तरीही मुकादमाला आदर्श नेता म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच्या वहीत नावांपुढे आकडे असतात. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना किंवा लग्नासाठी घेतलेली उचल. ती फेडायची ती ऊस तोडून. हंगाम संपला आणि बाकी फिरली नाही, तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. कारखान्याचा करार बहुधा वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी असतो. तोडणाऱ्याच्या हातात कागद नसतो. तेव्हा प्रश्न असा पडतो की वीस जोडपी त्याच्या हाकेला उठतात ती त्याच्या नेतृत्वामुळे, की वहीतल्या आकड्यामुळे? बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही अगदी सारखे दिसते. माझ्या मते या विषयावर जे काही लिहिले-बोलले गेले आहे, ते या एका प्रश्नाला घासून पाहावे. माणसांना सोडून जाता येत असूनही ती थांबतात का? जिथे सोडून जाण्याची सोय नाही, तिथे नेता आणि सावकार यांच्यात फरक करता येत नाही.

भाषेतही याची गंमत आहे. मराठीत ‘नेता’ म्हटले की डोळ्यांपुढे फ्लेक्स येतो, कामाची जागा येत नाही. कामाच्या जागेसाठी आपल्याकडे मुकादम, मिस्त्री, नाईक, म्होरक्या, कारभारी असे शब्द आहेत. गिरणीत जॉबर होता, कचेरीत साहेब आहे. यांतला जवळपास प्रत्येक शब्द एका ठरावीक कामाला चिकटलेला आहे. मिस्त्रीला ओळंबा लावता आलाच पाहिजे. साहेबाला काय आले पाहिजे, हे मात्र शब्द सांगत नाही. बोलताना कोणी ‘माझ्या हाताखालची माणसं’ म्हणतो, कोणी ‘माझ्याबरोबरची माणसं’. नव्या माणसाच्या हाताखाली जाण्यापूर्वी मी त्याच्या तोंडी यांतले काय येते ते ऐकून घेतो. अंदाज सहसा चुकत नाही.

मुकादमीचा हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांनी तो मोठ्या प्रमाणावर अनुभवला. कोकण आणि घाटावरून आलेल्या माणसाला गिरणीत चिकटवणारा जॉबर होता. काम देणारा तो, काढणारा तो, खोली बघून देणारा तो, अडीनडीला कर्ज देणारा किंवा मिळवून देणारा तो. त्याबद्दल दस्तुरी घेणाराही तोच. मालकाला यंत्राजवळच्या माणसांची भाषा येत नव्हती, माणसांना मालकाची येत नव्हती. मधल्या या पुलावर जॉबरने टोलनाका बसवला. जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने १९३१च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि कामगार भरतीचे अधिकार जॉबरकडून काढून स्वतंत्र लेबर ऑफिसरकडे द्यावेत असे सुचवले. लेबर ऑफिसर आले. जॉबर मात्र लगेच गेला नाही, कारण तो फक्त दस्तुरी खात नव्हता, कामही करत होता. कोणता विणकर कोणत्या मागावर टिकेल, कोण आज पिऊन आला आहे, कोणाच्या घरी मयत झाले आहे हे खुर्चीवरच्या अधिकाऱ्याला कळायला वेळ लागे. वाईट मध्यस्थ काढणे सोपे असते; त्याच्या डोक्यातली माहिती नव्या माणसाच्या डोक्यात उतरवणे कठीण.

याच गिरण्यांनी दुसऱ्या प्रकारचा माणूसही दिला. नारायण मेघाजी लोखंडे गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८४मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, मागण्यांचा कागद तयार केला, बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली. गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९०मध्ये. लोखंड्यांकडे नोकऱ्या वाटण्याची सत्ता नव्हती आणि कोणाची बाकी लिहिलेली वहीही नव्हती. तरी माणसे त्यांच्यामागे आली. पाथर्डी तालुक्याने बबनराव ढाकण्यांसारखे नेते पाहिले, शेजारच्या बीडने गोपीनाथ मुंड्यांना पाहिले. ऊसतोड मजुरांच्या दराचे लढे त्यांच्या नावाशी जोडलेले आहेत. पण हे झाले कामाबाहेरून कामासाठी भांडणारे नेतृत्व. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली तेव्हा मुकादमाचे कमिशनही एका टक्क्याने वाढले. त्या वाढीतून कोपीत राहणाऱ्या जोडीच्या हातात किती पडते, ते पुन्हा फडातला मधला माणूस कसा आहे यावरच येऊन थांबते. आपल्या चर्चेचा विषय तो मधला माणूस आहे.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य संशोधकांनी या मधल्या माणसावर बरेच प्रयोग केले. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात उजेड, विश्रांती, कामाचे तास बदलून पाहिले गेले, आणि आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे या जाणिवेनेच कामगारांचे काम सुधारते, असा निष्कर्ष जगभर पसरला. नंतरच्या अभ्यासकांनी त्या आकड्यांवर इतके प्रश्न उभे केले की आज तो निष्कर्ष जपूनच वापरावा. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांचा १९३९मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे गट केले, त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामे दिली. काही गटांवर हुकूम सोडणारा मोठा माणूस, काहींवर विचारून चालणारा, काहींवर सगळेच मोकळे सोडणारा. हुकमी गटांत काम भरपूर झाले. पण तो माणूस खोलीबाहेर गेला की हात थांबत. विचारून चालणाऱ्या गटात तो बाहेर गेला तरी काम चालू राही. कोणत्याही कचेरीत साहेब रजेवर असताना जाऊन बसावे. लेविनचा प्रयोग फुकटात पाहायला मिळतो.

त्याहून आपल्या जवळचा प्रयोग अहमदाबादचा. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३मध्ये कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित माग बसवले होते, तरी उत्पादन वाढत नव्हते आणि कापडातले दोष कमी होत नव्हते. कामाचे तुकडे इतके बारीक केले होते की कोणी धागा जोडणारा, कोणी फक्त कांडी भरणारा, कोणी तेल घालणारा. सगळे एकाच खात्यात, पण कोणाचे कोणाशी बांधलेले नव्हते. राइसने सुचवले की काही माग एका छोट्या गटाकडे सोपवा, गटाने आपापसांत कामे वाटून घ्यावीत आणि जबाबदारी गटाची राहावी. कामगारांनी ही कल्पना उचलली आणि आपले गट आपणच पाडले. काही अडखळणे झाले, नंतर उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. मला यात टोळी दिसते. गटात कोण कोणाबरोबर चांगले काम करतो हे वरून ठरवता येत नाही, पण गटाला ते माहीत असते. ऊसतोडीच्या टोळीचे बळ यातच आहे. जोड्या नात्यागोत्याच्या, गावच्या. एकाचे बोट कापले तर दुसरा त्याची सरी ओढून नेतो. कॅलिकोच्या गटांवर उचल नव्हती. टोळी तीच ठेवून उचल वजा केली तर काय राहील, हे कोणी मोजून पाहिलेले नाही, पाहायला हवे.

उचलीशिवायची मोठी टोळी नगर जिल्ह्यानेच उभी करून दाखवली, आणि तिला सहकारी साखर कारखाना म्हणतात. १९५०च्या अखेरीस लोणीजवळ, आजच्या प्रवरानगरला पहिला गळीत हंगाम सुरू झाला. त्याची कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातला नेतृत्वाचा धडा झाकून गेला. विठ्ठलराव विखे पाटील शेतकरी, शाळेत फार न शिकलेले. धनंजयराव गाडगीळ गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, पुण्याचे प्राध्यापक. कारखान्याचे पहिले अध्यक्ष विखे नव्हते, गाडगीळ होते. शेअर गोळा करायला गावोगाव फिरणारा माणूस खुर्चीवर दुसऱ्याला बसवतो आणि तो दुसरा वर्षानुवर्षे पुण्याहून येऊन हिशेब, नियम, बैठका यांची घडी बसवतो. शेतकऱ्यांना पैसे कोणाच्या शब्दावर द्यावेसे वाटतील आणि बँकेला कोणाच्या सहीवर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विख्यांनी ओळखले होते. आपल्याला जे येत नाही ते येणाऱ्याला आपल्या वर बसवणे, हे नेतृत्वाचे कौशल्य कोणत्याही शिबिरात शिकवलेले मी पाहिलेले नाही. बहुधा शिबिरे भरवणाऱ्यांनाही ते परवडणारे नाही.

पुढे कारखाने वाढले. तिसगावच्या परिसरातच आदिनाथनगरला वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. एका कारखान्यात नेतृत्वाचे किती थर असतात ते मोजून पाहा. सभासदांनी निवडलेले संचालक मंडळ आणि अध्यक्ष. पगारी कार्यकारी संचालक. शेतकी, अभियांत्रिकी, उत्पादन, हिशेब यांचे खातेप्रमुख. त्यांच्याखाली पाळीचे सुपरवायझर. कायम कामगार, हंगामी कामगार. गेटबाहेर वाहतूकदार, आणि सर्वांत शेवटी फडातला मुकादम. वरच्या थराला पाच वर्षांनी मते मागावी लागतात, म्हणजे सोडून देण्याचा हक्क खालच्यांकडे निदान कागदावर आहे. शेवटच्या थराला तो नाही. मधल्यांची गोष्ट आणखी निराळी. खातेप्रमुखाला अध्यक्षाचे ऐकायचे, कामगार संघटनेला सांभाळायचे, आणि बॉयलर दोघांचेही ऐकत नाही. सहकारावर आपल्याकडे टनावारी लिहिले गेले, पण ते बहुतेक अध्यक्षांवर. पाळीच्या सुपरवायझरवर एक धड पुस्तक नाही. पुण्यात वैकुंठ मेहता संस्था सहकारातले व्यवस्थापन शिकवते, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तांत्रिक माणसे घडवते, सरकारी नोकरांसाठी यशदा आहे. तिथे शिकून आलेला माणूस पहिल्या रात्रपाळीत काय करतो, ही गोष्ट मात्र तोंडी राहते आणि निवृत्तीबरोबर घरी जाते.

सुपरवायझर निवडायचा कसा, यावर जगभर एकच चूक होत आली आहे. चांगला कामगार उचलायचा आणि त्याला सुपरवायझर करायचे. लॉरेन्स पीटर यांनी १९६९मध्ये पुस्तक लिहून या चुकीला आपले नाव दिले: माणूस आपल्या नालायकीच्या पायरीपर्यंत चढत जातो. तेव्हा ती थट्टा वाटली. अलीकडे अमेरिकी कंपन्यांतल्या विक्रेत्यांच्या नोंदी तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना आढळले की सर्वांत जास्त विकणाऱ्यालाच बढती मिळते आणि त्याच्या हाताखालच्यांचे काम घसरते. गूगल कंपनीने २००९च्या सुमारास आपल्याच व्यवस्थापकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या व्यवस्थापकाच्या आठ सवयींत तांत्रिक हुशारी शेवटच्या क्रमांकावर आली. पहिला क्रमांक होता माणसाला शिकवत पुढे नेण्याचा.

मग मिस्त्रीला ओळंबा यायला नको? यायला हवाच. फडात कोयता न धरलेला मुकादम टोळी पहिल्याच आठवड्यात ओळखते. मोळी कशी बांधायची हे ज्याला माहीत नाही तो मोळी कमी का भरली हे विचारू शकत नाही. कामाची जाण हे प्रवेशाचे तिकीट आहे, आतले आसन नव्हे. नगरच्या एमआयडीसीत किंवा सुप्याला तिसगाव परिसरातून आयटीआय करून गेलेली पोरे आठ-दहा वर्षांत लाइन लीडर होतात. काल ज्याच्याबरोबर डबा खाल्ला त्यालाच आज ‘पार्ट परत काढ’ म्हणायचे असते. या एका दिवसासाठी त्यांची तयारी कोणी करून घेतलेली नसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईघाईने लाखो नवे सुपरवायझर तयार केले तेव्हा त्यांचे शिक्षण अगदी छोट्या तुकड्यांत होते: काम कसे शिकवावे, काम कसे सुधारावे, माणसांशी कसे वागावे. प्रत्येक तुकड्यात कामाच्या जागेवरच सराव. युद्धानंतर हीच पद्धत जपानने उचलली आणि टिकवली. आपल्याकडे एका दिवसाच्या हॉटेलातल्या कार्यक्रमात डोळे बांधून एकमेकांच्या हातात पडायचा खेळ होतो, दुपारी पनीर, संध्याकाळी प्रमाणपत्र.

या कार्यक्रमांत शिवाजी महाराजांचे नाव हमखास येते, आणि गोष्ट बहुतेक प्रतापगडाची असते. मी वक्ता असतो तर चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना त्यांनी पाठवलेले पत्र वाचून दाखवले असते. लष्कराने पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आताच संपवली तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग माणसे रयतेच्या घरात शिरतील आणि रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरे, असा तो धागा जातो. रात्री दिवे उघडे ठेवू नयेत, उंदीर जळती वात तोंडात धरून नेईल आणि गंजी पेटेल, इथपर्यंत. एका उंदरापर्यंत विचार करणारा राजा. तलवारीची गोष्ट टाळ्या मिळवते. वैरणीची गोष्ट कामाला येते. आणि किल्ल्यांची व्यवस्था पाहा: हवालदार, सबनीस, कारखानीस. किल्ल्या एकाकडे, कागद दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. एकाच माणसाकडे वही आणि किल्ली दोन्ही जाऊ द्यायची नाही. आपला मुकादम आणि मुंबईचा जॉबर नेमके इथेच बिघडले.

वहीचा उलटा उपयोगही नगर जिल्ह्यातच झाला आहे. हिवरे बाजारला १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. गावात झाडे, बांध, चर किती झाले ते पुष्कळांनी लिहिले. मला त्यातली सर्वांत चलाख गोष्ट वाटते ती पाण्याचा जमाखर्च. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना-जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणते पीक बसेल, हे गावापुढे मांडायचे आणि मग ठरवायचे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, असे कडू नियम गावाने पाळले. ‘मी सांगतो म्हणून’ असे म्हणून ते पाळले गेले नसते; आकडा समोर होता. राळेगणसिद्धी गावातही सुरुवातीला श्रमदान दिसते, पण ते टिकले ते नियम सर्वांना सारखे म्हणून. नेत्याकडे असलेली माहिती सर्वांपुढे आली की त्याची अर्धी सत्ता जाते आणि दुप्पट वजन येते. हा व्यवहार फार थोड्या साहेबांना झेपतो.

चूक सांगण्याची सोय हा याच्याच पुढचा भाग. हार्वर्डच्या एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या तुकड्या तपासत होत्या. चांगल्या तुकड्यांत औषधांच्या चुका कमी असतील अशी अपेक्षा; आकडे उलटे आले. चांगल्या तुकड्यांत चुका जास्त नोंदल्या होत्या. कारण तिथे चूक झाली हे बोलून दाखवण्याची भीती नव्हती. बाकीच्या ठिकाणी ती लपत होती. मी नव्याने नोकरीला लागलो तेव्हाच्या कचेरीत एकदा माझ्या हातून एक कागद चुकीच्या फाइलीत गेला. सांगितले असते तर दहा मिनिटांचे काम होते. पण त्या साहेबांसमोर चूक कबूल करणाऱ्याचे काय होते ते मी दोनदा पाहिले होते, म्हणून तीन आठवडे गप्प बसलो, आणि दहा मिनिटांचे काम दीड महिन्याचे झाले. साहेबांना आजही वाटत असेल की त्यांचा वचक होता. होताच.

फडात या गप्प बसण्याची किंमत बायका देतात. कामावर न आलेल्या दिवसाला खाडा म्हणतात आणि त्याचा दंड जोडीच्या हिशेबातून कापला जातो; तो दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत लागल्याचे नोंदले गेले आहे. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, अंगावर आजार काढत बाई तोडते, कारण खाडा परवडत नाही आणि मुकादम पुरुष, त्याला सांगायचे कसे? बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण पाहून २०१९मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. आरोग्याचा म्हणून हा विषय गाजला. तो कामाच्या जागेवरच्या नेतृत्वाचाही होता. टोळीतला निम्मा हात बाईचा, पण वहीत नाव नवऱ्याचे. ज्याचे नाव वहीत नाही त्याला खाडा का झाला हे विचारायची वहिवाटच पडत नाही.

बायकांची नावे ज्या वहीत आधी आली ती बचत गटाची. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५चे, उमेद अभियान २०११ नंतरचे. दोन्हींनी मिळून गावोगाव दहा-बारा बायकांच्या छोट्या बैठका रुजवल्या. आठवड्याला किंवा महिन्याला जमायचे, पैसे सर्वांसमोर मोजायचे, कर्ज कोणाला द्यायचे ते बोलून ठरवायचे, अध्यक्ष आणि सचिव ठरावीक काळाने बदलायच्या. सगळे गट असे चालत नाहीत. कित्येक ठिकाणी एकच शिकलेली बाई वर्षानुवर्षे सचिव असते आणि वही तिच्या घरी कपाटात. पण जिथे चालतात तिथे जे घडते त्याला नेतृत्वाची शाळा म्हणायला हरकत नाही. पहिल्या बैठकीत पदराआडून नाव सांगणारी बाई तिसऱ्या वर्षी बँकेच्या व्यवस्थापकाला ‘साहेब, व्याजाचा हिशेब परत करून दाखवा’ म्हणते. तिला कोणी आत्मविश्वास शिकवलेला नसतो. दहा जणींसमोर दहा वेळा पैसे मोजले की तो येतो. खुर्ची फिरती ठेवण्याचा फायदा असा की पुढची माणसे तयार होत राहतात. साखर कारखान्यापासून शाळेपर्यंत आपल्या संस्थांत नेमके हेच अडते. चांगला मुख्याध्यापक निवृत्त झाला की शाळा दोन वर्षे चाचपडते, आणि गाव त्याचे कौतुक करते की त्यांच्यासारखे ते एकटेच होते. खरे तर ती तक्रार आहे.

शिकवता काय येते आणि काय येत नाही, याबद्दल इतके वाचून-पाहून माझे मत असे झाले आहे. काम वाटणे, काम शिकवणे, बैठक वेळेवर संपवणे, वाईट बातमी वेळेत सांगणे, चारचौघांत कौतुक आणि एकांतात कानउघाडणी, हिशेब मांडणे हे सगळे शिकवता येते, सायकलसारखे, पडत-धडपडत. त्यासाठी वर्ग कमी आणि शेजारी उभा असलेला अनुभवी माणूस जास्त लागतो. माणसाला कमीपणा न आणता ‘हे परत कर’ म्हणता येणे सरावाने निम्मे येते. पण वहीवरचा ताबा सोडण्याची तयारी शिकवता येत नाही. ती संस्थेच्या नियमातच घालावी लागते. गाडगिळांसारखा अध्यक्ष नशिबाने मिळतो. दर महिन्याला हिशेब भिंतीवर लावण्याचा नियम नशिबावर सोडावा लागत नाही. ऊसतोडीत मजुराची नोंदणी, ओळखपत्र आणि मजुरी थेट खात्यात या गोष्टी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या कल्याण महामंडळाच्या निमित्ताने चर्चेत आहेत. त्यांना कल्याणकारी योजना म्हटले जाते. माझ्या हिशेबात त्या मुकादम सुधारण्याच्या योजना आहेत. ज्याच्या खात्यात पैसे थेट येतात त्याला दुसरा मुकादम बघता येतो, आणि तो बघता येतो हे कळले की पहिल्या मुकादमाच्या बोलण्यात लगेच फरक पडतो.

आता फडात तोडणी यंत्रे येऊ लागली आहेत. एका यंत्रामागे चालक, मदतनीस, पाठीमागून चालणारे ट्रॅक्टर, आणि फोनवर सतत कोणाशी तरी बोलणारा एक तरुण. त्याच्या मागे चाळीस माणसे नाहीत, सहा-सात आहेत. त्यांतल्या कोणावर उचल नाही. यंत्रावर बँकेचे कर्ज आहे आणि हप्ता त्याच्या डोक्यावर. चालक चांगला असेल तर दुसऱ्या यंत्राचा मालक त्याला हंगामाच्या मध्यात पळवतो. त्यामुळे चालकाशी तो अशा आवाजात बोलतो की त्याच्या मुकादम असलेल्या बापाने ऐकले तर हसेल. तिसगावच्या चहाच्या टपरीवर असा एखादा पोरगा यंदाही दिसेल. बाप शेजारच्या बाकावर वही उघडून कोणाची किती बाकी ते जुळवत बसलेला, आणि पोरगा उठून आधी चालकाला विचारणारा, चहा घेतला का म्हणून.